शेठची शुगर

मांजराला बरोबर घेऊनच मेहुणीकडे जायचं, हा निर्णय आमच्या घरी एकमताने झाला. म्हणजे मत एकच होतं आणि ते बायकोचं होतं.

मेहुणीने नवं घर घेतलं होतं. सकाळी गाडीने निघालं तर दिवेलागणीच्या आत पोचता येईल, एवढ्या अंतरावर. एरवी मांजर शेजारी ठेवून गेलो असतो, पण आमच्या शेठला मधुमेह आहे. (शेठ हे मांजराचं नाव. घरात आल्या दिवसापासून तो उशीला टेकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे ‘काय काम काढलंत?’ अशा नजरेने बघतो. दुसरं नाव शोभलंच नसतं.) त्याला सकाळ-संध्याकाळ मोजून खायला द्यायचं, खाल्लं की इन्सुलिनची सुई द्यायची आणि मधूनमधून कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा थेंब काढायचा, तो पट्टीला लावून मशीनवर शुगर बघायची. हे सगळं शेजाऱ्यांना जमणार नव्हतं. खरं तर बायकोलाही जमत नाही, कारण रक्त बघितलं की तिला घेरी येते. म्हणून टोचाटोचीचं खातं माझ्याकडे आहे. मी पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून. इतक्या वर्षांत वरिष्ठांनी एकही महत्त्वाचं काम माझ्यावर विश्वासाने सोपवलेलं नाही. पण शेठच्या बाबतीत माझा शब्द घरात शेवटचा. त्या एका बाबतीत बायको मला मानते. (मानत होती.)

गाडी ती चालवणार आणि मी मागच्या सीटवर पेशंटजवळ, असं ठरलं. बर्फाच्या डब्यात इन्सुलिन, एका पिशवीत सुया, पट्ट्या, मशीन, कापूस. शिवाय शेठचं खाणं, शेठची वाटी, शेठची उशी. माझे कपडे कुठे ठेवले होते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडी सुरू झाली आणि शेठही सुरू झाला. दम न घेता, एका पट्टीत, गावभर ऐकू जाईल असा.

“अहो, त्याला काय होतंय?” बायकोने विचारलं.

“गाडी आवडत नाहीये.”

“तुमची चुळबुळ चाललीय ना, म्हणून तो अस्वस्थ होतोय. तुम्ही आधी गप्प बसा.”

आता माझी चुळबुळ चालली होती हे खरं. घशाला सारखी कोरड पडत होती. पाणी प्यालो की थोड्या वेळाने गाडी थांबवावी लागत होती, गाडीत परत आलो की पुन्हा कोरड. जबाबदारीचं टेन्शन, दुसरं काय! (हे ज्याला झेपतं तोच साहेब होतो. म्हणून तर मी झालो नाही.) टेन्शनमध्ये मला गोड लागतं, म्हणून बिस्किटांचा एक पुडाही संपवला.

“सकाळपासून कितीदा थांबलो? आणि दरवेळी तुमच्यासाठी,” बायको म्हणाली. “मांजर बघा कसं धरून बसलंय.”

मांजर कशाला धरून बसलं होतं हे मला चांगलं माहीत होतं. ते माझ्या मांडीला, नखांनी, धरून बसलं होतं.

दुपार कलायच्या सुमारास शेठ एकदम गप्प झाला. इतका वेळ तो ओरडत होता तेव्हा जिवाला घोर होता, गप्प झाल्यावर तो दुप्पट झाला.

“गप्प का झाला तो?”

“झोपला असेल.”

“उठवा त्याला.”

“अगं, पण का?”

“झोपलाय की काही भलतंच झालंय ते बघा ना!”

मी त्याला उचललं. तो ओल्या टॉवेलसारखा हातावर लोंबला. डोळे अर्धवट मिटलेले आणि तोंडातून लाळ. बायकोने आरशातून ते पाहिलं आणि एका टायर पंक्चरच्या दुकानापुढे कचकन ब्रेक मारला. “शुगर पडली त्याची! आधी शुगर बघा!” एवढं म्हणून तिने स्टिअरिंगवर डोकं ठेवून डोळे गच्च मिटले.

आता या कामात माझा हातखंडा आहे, असं मी समजतो. डाव्या हाताने कान धरायचा, मागून बोटाचा आधार द्यायचा आणि उजव्या हाताने कडेला अलगद टोचायचं. मी कान धरला, सुई नेली, आणि त्याच वेळी शेजारून एक भलामोठा ट्रक गेला. गाडी हलली, शेठ उसळला, मी टोचलं, तो माझ्या हातावरून, खांद्यावरून, डोक्यावरून मागच्या काचेपर्यंत गेला. मला चार-पाच ठिकाणी झोंबलं. त्यातलं नेमकं कुठे आणि कशामुळे, याचा विचार करायला सवड नव्हती.

“झालं का? झालं का?” पुढून प्रश्न चालूच होते.

मी शेठला पुन्हा पकडलं. कानाच्या काळ्या केसांवर लाल ओल दिसली. लगेच पट्टी टेकवली. मशीनने आकडा दाखवला आणि माझीच लाळ गळायची वेळ आली.

“किती? अहो, सांगा ना किती!”

“तीनशे अठ्ठ्याऐंशी.”

“अगं आई गं!” तिने एवढ्या मोठ्याने म्हटलं की पंक्चरवाला हातातलं चाक टाकून धावत आला.

तिने आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते घाईत होते. सकाळी खाल्लं होतं का, सुई दिली होती का, एवढं विचारून म्हणाले, “मग इतकी वाढायला नको. मनाने जास्तीची सुई मुळीच देऊ नका, आधी जवळच्या कोणाला तरी दाखवा.”

तोवर मी सुई भरून बसलो होतो.

“थोडीशीच देतो,” मी म्हणालो. “लगेच उतरेल.”

“डॉक्टर नको म्हणालेत ना!”

“डॉक्टर तिकडे आहेत. इथे मी आहे.”

“म्हणूनच नको!” असं म्हणून तिने मागे वळून माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि भरली तशी खिडकीबाहेर रिकामी केली.

पंक्चरवाल्याने जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. त्यानंतर आमची गाडी ज्या वेगाने धावली त्या वेगाने ती पुन्हा धावू नये, अशी माझी इच्छा आहे. बायको एका हाताने डोळे पुसत होती. (दुसरा स्टिअरिंगवर असावा. मी बघितलं नाही.)

“तुम्ही त्याला बिस्किट दिलंत का? खरं सांगा.”

“शपथेवर सांगतो. सगळी मीच खाल्ली.”

“माझ्या बाळाला काही झालं तर बघा!”

काय बघू, हे विचारायची हिंमत झाली नाही. शेठ माझ्या मांडीवर निपचित पडला होता. त्याच्याशी माझं कधी फारसं पटलं नाही, पण त्या वेळी त्याने मला पुन्हा एकदा ओरबाडावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

दवाखान्यात एक गृहस्थ वासराएवढा कुत्रा घेऊन बसले होते. शेठने एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं, तसा कुत्रा बाकाखाली शिरला. गृहस्थांनी आमची अवस्था पाहून आम्हाला पुढे जाऊ दिलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी शेठच्या कानाला कधी टोचलं, ते आम्हाला कळलं नाही, शेठलाही कळलं नसावं.

“एकशे बेचाळीस,” त्या म्हणाल्या. “छान आहे की. गाडी लागलीय त्याला, बाकी काही नाही.”

“पण तीनशे अठ्ठ्याऐंशी होती हो!” बायको म्हणाली.

“मशीन बिघडलं असेल,” मी म्हणालो. (ऑफिसात हे उत्तर नेहमी चालतं.)

बाईंनी आमच्या मशीनवरही थेंब घेतला. एकशे पंचेचाळीस. मशीन धडधाकट होतं.

“तुम्ही कसं टोचता, ते जरा दाखवा बघू.”

मी पुढे झालो. डाव्या हाताने कान धरला, मागून बोटाचा आधार दिला. बाई कानाकडे बघतच नव्हत्या, माझ्या बोटाकडे बघत होत्या. बोटाच्या टोकावर एक लाल टिपका होता.

“हे काय?”

“ओरबाडलंय त्याने.”

“नखाने असं होत नाही. याच्या कानावर आजची खूण एकच आहे आणि ती मी केलेली आहे. तुमची सुई याला लागलीच नाही. ती तुम्हाला लागली.”

ते कुत्रेवाले गृहस्थही दारात येऊन उभे राहिले.

“मी माणसं तपासत नाही,” बाई म्हणाल्या, “पण मशीन तुमचंच आहे. द्या बोट.”

तीनशे एक्याण्णव.

“तहान फार लागते का हो यांना?”

“विचारू नका!” बायको म्हणाली. आणि मग आकडा तिच्या नीट ध्यानात आला. तिने दोन्ही हात जोडले, वर बघितलं आणि म्हणाली, “देवा! सुटले मी! यांची होती ती!”

शेठला छातीशी धरून ती हसत होती, रडत होती. कुत्रेवाल्यांनी तिचं अभिनंदन केलं. मीही त्यांचे आभार मानले, बाकी काय करणार? आणि खरं सांगायचं तर, पहिल्यांदा माझ्याही मनात तेच आलं, सुटला बिचारा. मग ती भरलेली सुई आठवली.

“मी ती सुई दिली असती तर?” मी विचारलं.

“बरं झालं दिली नाहीत,” बाई एवढंच म्हणाल्या. बायकोने माझ्या खांद्यावरची सुयांची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. माझं खातं गेलं.

“समोरच माणसांचा दवाखाना आहे,” बाई मला म्हणाल्या. “आत्ताच जाऊन दाखवा. टाळू नका.”

आता बायकोच्या आधाराने रस्ता ओलांडावा, अशा विचाराने मी म्हणालो, “चल गं.”

“तुम्ही व्हा पुढे,” शेठच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली. “आज फार घाबरलाय हो तो. त्याला एकटं सोडवत नाही.”