रोजच्या वापराचा वेप: उपसमितीचा वृत्तांत

वाईट सवय सोडायची असेल तर आधी एखादी वस्तू विकत घ्यावी लागते, ही गोष्ट आता सर्व प्रगत देशांत मान्य झालेली आहे. पूर्वी लोक सवयी नुसत्याच सोडत. त्यात शिस्त नव्हती, नोंद नव्हती, आणि कोण कशाच्या जोरावर सुटला हे मागाहून कोणालाच सांगता येत नसे.

दक्षिण गोलार्धातल्या टिमारू गावच्या लोकर धुण्याच्या कारखान्यात हा अडाणीपणा राहू नये म्हणून व्यवस्थापनाने मार्चमध्ये असं ठरवलं की, सिगारेट ओढणाऱ्या अकरा कामगारांना कंपनीतर्फे प्रत्येकी एक वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी वाफेची सिगारेट, देण्यात यावा. तो पुन्हा भरता येणारा असावा (वापरून फेकायचे वेप शेजारच्या कुरणात सापडू लागले होते, आणि मेंढ्यांचं मत प्रतिकूल होतं), खिशात मावणारा असावा आणि रोजच्या वापराला योग्य असावा. योग्य कोणता हे ठरवायला एक उपसमिती नेमण्यात आली. तिचे सदस्य दोन. एक मनुष्यबळ विभागाच्या रोवेना मॅकॅल्पिन, ज्या पहिल्या बैठकीच्या पूर्वार्धाला हजर होत्या. दुसरा नेव्हिल पर्डी.

नेव्हिल हा छप्पन्न वर्षांचा सरळ गृहस्थ. एकोणीस वर्षं कारखान्याचा सुरक्षा प्रतिनिधी. जमीन ओली असेल तिथे पिवळी पाटी ठेवायची हे त्याचं काम, आणि लोकर धुण्याच्या कारखान्यात जमीन ओलीच असते, त्यामुळे पाट्या सगळीकडे होत्या. (या काळात ओल्या जमिनीवर घसरून तीन माणसं पडली, आणि पाट्यांना अडखळून सतरा.) त्याने जन्मात एकदाही सिगारेट ओढली नव्हती. म्हणूनच त्याला नेमलं. ज्याला विषयातलं काही कळत नाही त्याचं मत निःपक्षपाती असतं, या तत्त्वावर जगातल्या बहुतेक समित्या चालतात.

पण नेव्हिलने हे काम उत्साहाने का घेतलं, ते इतिवृत्तात आलेलं नाही, म्हणून इथे सांगितलं पाहिजे.

कारखान्यात सकाळी दहाला आणि दुपारी तीनला दहा मिनिटांची सुट्टी होते. तिला स्मोको म्हणतात. नाव धुराचं असलं तरी हक्क सर्वांचा आहे. एकोणीस वर्षं नेव्हिल स्मोकोला आतल्या खोलीत फ्रिजशेजारी बसून चीज रोल खात आला होता. सोबतीला वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचणारा क्लिफ, आणि टेबलावर डोकं टेकून झोपणारा आणखी एकजण, ज्याचं नाव विचारायला आता फार उशीर झाला होता. बाहेर पत्र्याच्या छपराखाली एक लांब लाकडी बाक होता. त्यावर ते अकराजण. दक्षिण ध्रुवाकडून येणारा वारा हाडं गोठवत असला तरी तिथून हसणं यायचं, आणि ते काचेतून आत ऐकू यायचं. कोणाची पाळी बदलणार, कोणाचं लग्न मोडलं, साहेबांची बोट कशी बुडाली, हे सगळं आधी बाकावर कळायचं आणि मग साहेबांना. नेव्हिल कधीमधी विचारायचा, "कशाला हसत होता रे?" उत्तर यायचं, "काही नाही, असंच." काही नसताना अकरा माणसं एकोणीस वर्षं हसत नाहीत, एवढं नेव्हिललाही कळत होतं. त्याला त्या बाकावर बसायचं होतं. फार दिवसांपासून बसायचं होतं, आणि आता त्याच्या हातात तिथे बसण्याचं लेखी कारण आलं होतं.

पहिल्याच दिवशी तो पाहणीचे फॉर्म अडकवलेली पाटी घेऊन बाहेर गेला. बाकावर तुई रेवेतीचं राज्य होतं. वय एकसष्ट, धुलाईच्या मोठ्या यंत्रावर चाळीस वर्षं, आणि तिच्या शब्दाबाहेर तिथे माशीही बसत नसे.

"बसू का?" नेव्हिलने विचारलं.

"बस की," तुई म्हणाली. "बाक काय माझ्या बापाचा आहे?"

नेव्हिल बसला. त्या दिवशी घरी गेल्यावर त्याने बायकोला, ग्लेनिसला, ही हकिकत दोनदा सांगितली.

काम मात्र त्याने चोख केलं. पहिल्या दोन बैठका 'रोजच्या वापरासाठी' यातल्या रोज या शब्दावर खर्ची पडल्या. रविवार धरायचा का, आजारपणाची रजा धरायची का, यावर अठरा दिवस विचार होऊन रोज म्हणजे दररोज असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर गावातल्या तीन दुकानांतून एकतीस उपकरणं मागवली. वेपमध्ये पॉड म्हणजे लिक्विडची इवलीशी टाकी असते. ती गळते का, भरताना बोटं चिकट होतात का, झुरका सिगारेटसारखा आवळ लागतो की नळी फुंकल्यासारखा मोकळा, बॅटरी दोन्ही स्मोकोंना पुरते का, एका हातात गरम पॅटिस असताना दुसऱ्या हाताने चालवता येतं का, असे चौदा निकष ठरले. पंधरावा निकष ग्लेनिसने दिला. तिने एक उपकरण पँटसकट मशीनमध्ये धुतलं आणि ते चालूच राहिलं, म्हणून त्याला सात गुण जास्त मिळाले. मग समान संधीच्या धोरणाप्रमाणे उरलेली तीसही धुवून घ्यावी लागली. (सव्वीस गेली. पक्षपात झाला असं मात्र कोणाला म्हणता आलं नाही.)

राहिली पाच. ती प्रत्यक्ष ओढून बघणं भाग होतं. नेव्हिलने सुरुवात निकोटीन नसलेल्या लिक्विडवर केली. पण बिननिकोटीनचे निष्कर्ष वास्तवाला लागू पडणार नाहीत, अशी हरकत सातव्या बैठकीत नेव्हिलने घेतली. सविस्तर चर्चेअंती ती नेव्हिलने मान्य केली. त्यानंतर मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली, आणि प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याच्या अनुभवाचा आधार होता.

"पडद्यांना आंब्याचा वास येतोय," एका सकाळी टोस्टला लोणी लावताना ग्लेनिस म्हणाली.

"परीक्षण चालू आहे."

"आणि उशीखाली ठेवतोस ते?"

"तेही परीक्षणच."

"उशीचं का त्याचं?"

नेव्हिलने या प्रश्नाची नोंद घेतली आणि परसात गेला. परसात तो हल्ली बराच जायचा. तिथले टोमॅटो त्याने इतक्या बारकाईने कधीच बघितले नव्हते.

इकडे बाकावर पाहणी सुरू होती. वापरणाऱ्यांच्या गरजा समजल्याशिवाय निवड करणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं, म्हणून बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. तो प्रत्येक स्मोकोला, प्रत्येकाने, सिगारेट पेटवण्याआधी भरायचा. आधी, कारण पेटवल्यावर दिलेली उत्तरं तृप्तीमुळे दूषित होतात. सतरावा प्रश्न असा होता की, मागच्या झुरक्यानंतर वाटलेलं समाधान एक ते दहामध्ये किती.

"नऊ," मालाकाई म्हणाला. मालाकाई टोंगा बेटांवरचा, सहा फुटी, लोकरीच्या गाठी उचलायच्या विभागातला. "तू उठून गेलास की दहा."

सगळे हसले. नेव्हिलही हसला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ते कशाला हसताहेत हे कळलं होतं, आणि त्याला फार बरं वाटलं. त्याने नऊ लिहिले.

फॉर्म भरायला सरासरी नऊ मिनिटं लागायची. स्मोको दहा मिनिटांचा. उरलेल्या मिनिटात सिगारेट होत नाही. (मालाकाईने प्रयत्न केला, आणि अपघात नोंदवहीत 'ओठ' असा नवा रकाना पाडावा लागला.) जूनच्या अखेरीस कारखान्याच्या आवारात ओढल्या जाणाऱ्या सिगारेटी दिवसाला चव्वेचाळीसवरून सातवर आल्या. या घटीचं कोणत्याही उपकरणाशी नातं जुळेना, म्हणून नेव्हिलने ती 'बाह्य कारणं, दुर्लक्षणीय' या सदरात टाकली. दुर्लक्ष व्हायला नको म्हणून त्याने त्या सदराखाली दोनदा रेघ ओढली.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी तो दहा वाजता बाहेर आला तर बाक रिकामा. त्याने घड्याळ पाहिलं, पत्र्याखाली पाहिलं, बाकाखालीही पाहिलं. मग हसणं ऐकू आलं. आतून.

आतल्या खोलीत अकराचे अकरा फ्रिजशेजारी कोंडाळं करून बसले होते. पत्ते चालले होते. क्लिफने निधनवार्ता घडी घालून ठेवल्या होत्या, आणि तो झोपणारा मनुष्य जागा होता. त्याचं नाव डेस्मंड होतं.

"तुम्ही आत कसे?" नेव्हिलने दारातूनच विचारलं.

"सुटली," तुई म्हणाली. तिने हातातला पत्ता टाकला. "माझी सुटली, याची सुटली, सगळ्यांचीच. तुझा फॉर्म भरण्यापेक्षा न ओढणं सोपं पडलं रे."

"पण उपकरण अजून ठरायचंय."

"राहू दे आता."

"पाचच उरलीत. गुरुवारी अंतिम बैठक आहे."

"कोणाकोणाची?" मालाकाईने विचारलं.

नेव्हिलने हातातली पाटी छातीशी धरली. तुईने त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षं यंत्राचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय हे ओळखणारी बाई ती. तिने पायाने एक खुर्ची पुढे ढकलली.

"ये, बस इथे. पाटी ठेव ती बाहेर. तुला पत्ते वाटते."

नेव्हिल बसला. कोणीतरी त्याच्यापुढे आल्याचं बिस्किट सरकवलं. डावात त्याला चांगले पत्ते आले होते. तुई म्हणाली, "अरे, तुला ते कधी सांगितलंच नाही ना आम्ही, ते बाहेर कशाला हसायचो ते? ऐक. तू इथे लागलास तो पहिला आठवडा," आणि सगळे आधीच खुदखुदायला लागले.

नेव्हिलला ते ऐकायचं होतं. एकोणीस वर्षं ऐकायचं होतं. पण त्याचा उजवा हात खिशात गेला होता, आणि शेवटच्या झुरक्याला पन्नास मिनिटं होऊन गेली होती. तुईचे शब्द कानावर पडत होते, पण त्यांचं वाक्य होत नव्हतं. इमारतीत वेप ओढायला मनाई आहे. भिंतीवर तशी पाटी होती, पिवळी. ती त्यानेच लावलेली होती, सरळ आहे ना ते तपासून.

"आलोच," तो म्हणाला.

"अरे, आता तर मजा येणारे," मालाकाई म्हणाला.

"दोन मिनिटं. परीक्षण."

बाहेर दक्षिणेचा वारा सुटला होता. नेव्हिल बाकावर बसला, कॉलर वर केली आणि एक लांब झुरका घेतला. झुरका उत्तम होता. आवळ, उबदार, गळती नाही. दहापैकी नऊ. मग काचेतून अकरा, बारा, तेरा माणसं एकदम हसली. तो उठला, पण तोवर भोंगा झाला होता. आत गेल्यावर त्याने विचारलं, तेव्हा तुई हात धुत होती. म्हणाली, "आता असं नाही सांगता येत. तेव्हा थांबायला हवं होतंस."

तेव्हापासून दर स्मोकोला तो आधी आत बसतो आणि पाच मिनिटांनी बाहेर असतो. तुई खुर्ची रोज पुढे ढकलते, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

उपसमितीचा अहवाल सप्टेंबरात सादर झाला. पानं चौसष्ट, परिशिष्टं नऊ. रोजच्या वापरासाठी सर्वोत्तम ठरलेल्या उपकरणाचं नाव एकसष्टाव्या पानावर आहे. व्यवस्थापनाने उद्दिष्ट पूर्ण झाल्याबद्दल रोवेनाबाईंना प्रशस्तिपत्र दिलं आणि अहवाल मागेल त्याला दाखवावा असा शेरा मारला. त्यासाठी नेव्हिलकडे अर्ज करावा लागतो. आजवर एकशे सहा अर्ज आले. त्यांपैकी एकशे तीन अर्जदारांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही, आणि कारणाच्या रकान्यात सर्वांनी एकच लिहिलं आहे: 'सहज, माहितीसाठी.'

आपणही इथवर वाचत आलात ते त्या नावासाठीच. नाही म्हणू नका, यादीत एकशे सातवी ओळ मोकळी ठेवलेली आहे. नेव्हिल दहाला आणि तीनला बाहेर असतो. बाकावर तो थोडा सरकून बसला आहे.