वृंदावनातली साहेबी बूटी

राज्य कोणाचंही असो, माणसाची खरी योग्यता त्याच्या अंगणावरून ठरते. घरात दाणे किती आणि डोक्यात अक्कल किती, हे आत येऊन कोण पाहतं? अंगण मात्र रस्त्यावरून दिसतं, आणि रस्त्यावरून साहेब जातात. हे थोर सत्य आमच्या नांदेडला निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे सेहेचाळीसच्या पावसाळ्यात कळलं. कळल्यावर शहाण्या माणसांना झोप लागेना.

त्या साली जिल्ह्याला नवे अव्वल तालुकदार आले. (म्हणजे जिल्ह्याचे मालकच. त्यांच्या वर हैदराबाद, आणि हैदराबादच्या वर आभाळ.) त्यांच्या बंगल्याच्या ओट्यावर कुंड्यांत एक झाड होतं. हातभर उंच, जांभळं, पानांना झालर लावल्यासारखं. त्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं आणि साहेबांना विचारायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा कचेरीनं आपल्या अखत्यारीत त्याला ‘साहेबी बूटी’ असं नाव दिलं. मी त्या कचेरीत कारकून होतो, त्यामुळे हे बारसं मी जवळून पाहिलं.

बूटीचे गुण येणेप्रमाणे. फूल असून नसल्यासारखं. फळ नाही. भाजी होत नाही. औषध कशावरच नाही. वास लांबून जिऱ्याचा, जवळून ढेकणाचा. बकरी हुंगून पुढं जाते. थोडक्यात, झाड सर्व बाजूंनी निकामी. आणि ज्याला निकामी वस्तूला पाणी घालणं परवडतं, त्याच्या घरी कामाच्या वस्तू भरपूर असणार, हे ओघानंच आलं. एवढं साधं गणित न समजणारे लोक नांदेडात होते, पण ते मोजण्यासारखे नव्हते.

बंगल्याच्या मागच्या फाटकातून रोपं बाहेर पडू लागली. श्रावणापर्यंत गावातल्या निम्म्या इज्जतदार मंडळींकडे बूटी होती, आणि उरलेल्या निम्म्यांकडे ती ‘येऊन राहिली’ होती. अर्धापूरच्या किशनरावांनी तर केळीच्या बागेत मधोमध जागा करून ती लावली आणि पाटाचं पहिलं पाणी तिला दिलं. केळी पिवळ्या पडल्या. मी हळहळलो, तर म्हणतात कसे, “पडू द्या हो. केळी काय, समद्यांच्याच हायत.” या माणसाच्या मनाचा मोठेपणा पाहून मी हात जोडले.

आता आमचे शेजारी अनंतराव वकील. सरकारी वकिलाची जागा रिकामी झाली होती आणि ती आपल्याला मिळावी असं त्यांना वाटत होतं. वाटण्यात काही गैर नाही. घोडं अडलं ते अंगणात. अंगणभर शहाबादी फरशी. माती, ऊन आणि रस्त्यावरची नजर ही तिन्ही एकत्र मिळतील अशी जागा एकच, ती म्हणजे तुळशीवृंदावन. साहेबांची मोटार रोज संध्याकाळी गोदावरीवर हवा खायला जायची, ती नेमकी तिथंच वळायची.

“अहो, तुळस उपटून तिथं ते लावणार?” सौदामिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कपाळाला हात लावला.

“उपटतंय कोण? मी तिची बदली करून राहिलो,” अनंतराव म्हणाले. “मागच्या दारी, न्हाणीजवळ. पाण्याची सोय चांगली आहे.”

त्याप्रमाणे तुळस रॉकेलच्या रिकाम्या डब्यात रुजू झाली, आणि वृंदावनात बूटी आली. सौदामिनीबाई संध्याकाळी सवयीनं वृंदावनापुढं दिवा ठेवत, हात जोडत, मग दचकत आणि दिवा उचलून मागच्या दारी जात.

या सगळ्यात एका जिवाला घोर लागला होता. अनंतरावांची विनीता. तिचं लातूरच्या रेणुकादासांच्या शरदचंद्राशी जमलं होतं. मुलगा हैदराबादला शिकलेला. तिनं त्याला दाराआडून एकदाच पाहिला होता, आणि तो आवडल्याचं माझ्या बायकोला सांगून तिच्याकडून देवाची शपथ घेतली होती. (शपथ पाळली गेली. बायकोनं फक्त मला सांगितलं.) पण तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आपल्यात पोरींच्या लग्नाची तिथी काढता येत नाही. त्यात रेणुकादासांनी निरोप धाडला होता, की मी स्वतः द्वादशीला येतो, तुमच्या तुळशीच्या मांडवातच मुहूर्त धरू. म्हणजे तुळस आहे तर मांडव आहे, आणि मांडव आहे तर विनीता लातूरला जाणार.

“बाबा, कार्तिकाच्या आत तुळस परत जागेवर लावाल ना?” ती विचारायची.

“लावतो म्हणलं ना!”

पोर विहिरीचं चांगलं पाणी तांब्यानं आणून डब्यात घालायची. पण न्हाणीचं पाणी तिकडंच वाहायचं. त्यात शिकेकाई, त्यात धुण्याचा सोडा. आश्विनात तुळस जळाली. विनीता डब्यापाशी बसून हमसून हमसून रडली. अनंतराव म्हणाले, “रोप ते रोप. दुसरं आणू.” पण दुसरं आणून लावणार कुठं? मध्यंतरी साहेबांनी मोटारीतून वृंदावनाकडे एकदा पाहिलं होतं. (त्याच वेळी मागून एक वळू चालला होता, हे अनंतराव विचारात घ्यायला तयार नव्हते.) पाहिलेलं झाड काढणं म्हणजे राजद्रोह. मला तर त्या दिवशी या गृहस्थाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण कारकुनानं वकिलाच्या कानाखाली वाजवावी अशी कायद्यात तरतूद नाही.

द्वादशी आली. रेणुकादास दुपारीच लातूरहून येऊन ओसरीवर बसले. आत सिद्धेश्वरभटजींना बोलावून अनंतरावांनी विचारलं, “या झाडाचं लग्न लागेल का?”

भटजींनी बूटीचं पान चोळलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि दक्षिणेचा विचार करून सरळ केलं. “तुळशीच्या चुलत घराण्यातली दिसते,” ते म्हणाले. “गोत्र कळत नाही, पण कन्या लग्नाची आहे.”

झालं. बूटीला हिरवा खण नेसवला, बांगड्या भरल्या, मुंडावळ्या बांधल्या, हळद तर अशी थापली की जांभळा रंग दिसू नये. वर उसाचा मांडव, पुढं आवळे, चिंचा, बोरं. गल्लीतल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं की ही तुळस नव्हे. म्हणून मंगलाष्टकं दरवर्षीपेक्षा मोठ्यानं झाली. रेणुकादास नवरीकडे बराच वेळ पाहत राहिले. विनीता दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी होती.

बाळकृष्णाच्या समोरचा अंतरपाट सरला, अक्षता पडल्या आणि रस्त्यावर मोटार थांबली. साहेब स्वतः उतरले, खोकत खोकत.

“वकीलसाब,” ते म्हणाले, “हमारे बंगले में वो जामनी घास थी ना, पहलेवाले साहब की? कल उखडवा के फेंकवा दी. बडी बदबू. हकीमसाब खाँसी के वास्ते तुलसी बोले. आपके यहाँ की तुलसी अच्छी है, सुना. एक पौधा देव.”

ज्या झाडासाठी सारं नांदेड जिवाचं रान करत होतं, ते साहेबांचं नव्हतंच. आधीच्या साहेबांनी मागं ठेवलेलं गवत होतं ते, आणि तेही कालच उकिरड्यावर गेलं होतं. साहेबांना हवी होती तुळस, आणि ती न्हाणीजवळ डब्यात काडी होऊन उभी होती.

अनंतरावांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण वकील तो वकील. ते पुढं झाले, दोन्ही हात वृंदावनात घातले आणि नुकतीच लग्न लागलेली नवरी खणासकट, बांगड्यांसकट, मुळाच्या मातीसकट उपटून मोटारीत नेऊन ठेवली.

“हुजूर, ताजी है.”

साहेब शुक्रिया म्हणाले आणि गेले. मांडवात बाळकृष्ण एकटा राहिला. भटजींनी शास्त्रात अशा प्रसंगाला काय सांगितलंय ते आठवून पाहिलं आणि मग लाडू मागितले.

सगळे रेणुकादासांच्या तोंडाकडे पाहू लागले. आता हा जुन्या वळणाचा माणूस उपरणं झटकून उठणार आणि सोयरीक मोडणार, याबद्दल मला शंका नव्हती. रेणुकादास उठले खरे. त्यांनी अनंतरावांना कडकडून मिठी मारली.

“मुहूर्त काढा,” ते म्हणाले. “असा वेळ साधणारा व्याही मला साऱ्या लातुरात मिळायचा नाही.”

अनंतरावांना गहिवरून आलं. त्यांनी लेकीला हाक मारली, “विनीता, ये, नमस्कार कर. तुझं भाग्य उघडलं.”

विनीता आली. वाकून नमस्कार केला. मग वृंदावनातल्या खड्ड्याकडे पाहून म्हणाली, “बाबा, ती मोटारीत गेली. मी टांग्यात जाईन. एवढाच फरक.”

“शुभ बोल गं, पोरी!” सौदामिनीबाई ओरडल्या आणि पदरात तोंड घालून स्वतःच रडू लागल्या.

पुढचं सगळं यथासांग झालं. साहेबांनी बूटीचा काढा घेतला आणि खोकला गेला. (हकीमसाहेबांनी हा तुळशीचा गुण म्हणून नोंदला.) मार्गशीर्षात विनीता लातूरला गेली, बोहल्यावर ती एकदाही हसली नाही, आणि ते मुलीच्या लाजेत जमा झालं. पौषात अनंतराव सरकारी वकील झाले. ही वार्ता फुटताच नांदेडकरांनी बूटी मुळासकट उपटून गोदावरीत टाकली आणि घरोघर तुळशी लावल्या. ज्यांच्याकडे वृंदावनं नव्हती त्यांनी बांधून घेतली, सगळी रस्त्याकडे तोंड करून. धर्माला एवढा बहर आमच्या गावात कोणत्याच संताच्या काळात आला नव्हता. अनंतरावांची तुळस सर्वांत डेरेदार आहे. मोटार वळते तिथून सबंध दिसते.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. तुमच्याही दारात तुळस असेल, आणि ती तुम्ही श्रद्धेनंच लावली असेल, यात मला तिळमात्र शंका नाही. फक्त उद्या पाणी घालताना, ती कोणाला दिसावी म्हणून तिथं आहे, एवढं बघा. मग मागच्या दारी जाऊन डब्यात काय वाळतंय तेही बघा. सापडलं नाही तर घरातल्या लेकीला विचारा. तिला ठाऊक असतं.