वागणुकीचा रकाना

मिक्सर घरघरतो म्हणून कुणी आणला, की बाबा त्याचा एकेक भाग काढून बाजूला ठेवायचे आणि आवाज कशाने थांबतो ते बघायचे. दुरुस्तीच्या दुकानात ही युक्ती कधी फसली नव्हती. त्यामुळे "ऑटिझमच्या मुलांचं दूध नि गहू बंद केलं की फरक पडतो म्हणे," असं एक गिऱ्हाईक बोलून गेलं, आणि बाबांच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांची नऊ वर्षांची लेक मोजून पाच पदार्थ खायची. त्यातले दोन होते दूध आणि पाव.

"उरलेल्या तिनांवर ती जगायची कशी?" आईने विचारलं.

आहारतज्ज्ञ बाईही फारशा राजी नव्हत्या. "याने फरक पडतोच असं काही नाही," त्या म्हणाल्या. "करायचंच असेल तर पंधरा दिवस. वजन उतरलं की थांबायचं. आणि घरात सगळ्यांनीच सोडा, म्हणजे ज्याच्यासाठी सोडायचं त्याला एकटं वाटत नाही. वागण्यात काय बदल होतो ते रोज वहीत लिहा."

लेक शेजारीच बसून पंख्याचे फेरे मोजत होती. हे सगळं कुणासाठी चाललंय, हे तिला सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

बाबांनी दोन दिवस वही भरली आणि मग विसरले. रिकामे रकाने लेकीला बघवेनात, म्हणून तिने पेन हातात घेतलं. बाबांना बरंच वाटलं. बिनदुधाच्या चहाने त्यांचं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं.

पंधराव्या दिवशी लेकीचं वजन सव्वा किलो कमी भरलं. आईचा चेहरा उतरला. बाईंनी वही उघडून मोठ्याने वाचायला घेतली.

"चौथा दिवस. कपाटाचं दार तीनदा आपटलं. सहावा दिवस. पोस्टमनशी भांडण." बाई थबकल्या. "पोस्टमनशी?"

बाबा खुर्चीत चुळबुळले.

"दहावा दिवस. लपून दुधाचा चहा. मिशीला पावाचा चुरा. नंतर चाळीस मिनिटं शांत. गाणं म्हटलं."

आईने सावकाश मान वळवून मिशीकडे पाहिलं.

"हे कुणाचं लिहिलंस गं?" बाईंनी विचारलं.

"बाबांचं."

"आणि तुझं?"

"माझं काही बदललं नाही. फक्त भूक लागायची."

"मग सांगायचं नाही होय?" आई कळवळली.

"कसं सांगणार?" लेक पंख्याकडे बघत म्हणाली. "बाबांना एकटं वाटलं असतं."

बाबांना इतकी लाज वाटली की डोळे भरून आले, आणि पुसायला रुमालही सापडेना. बाईंनी लेकीचं दूध आणि पाव त्याच दिवसापासून सुरू करायला सांगितलं आणि वही मिटली.

"बाबांचंही सुरू करा," लेक म्हणाली. "त्यांना दूध मानवतं. दहावा दिवस बघा."

बाईंनी वही पुन्हा उघडली, दहावा दिवस नीट वाचला, आणि कागदावर बाबांचंही लिहून दिलं.