बिरादार साहेबांचा लाल ठिपका

आमच्या शेजारचे बिरादार साहेब परसात डबे टांगून छऱ्याच्या बंदुकीनं नेमबाजी करतात. नेम लागला की हुकला हे सांगायला त्यांनी जो पंच बसवलाय, तो ठार आंधळा आहे.

हा पंच म्हणजे त्यांचे थोरले बंधू, अण्णा. लहानपणी देवीत त्यांचे डोळे गेले, पण कान असे तिखट की माझ्या घरातली कुजबुजही त्यांना ऐकू जाते, आणि ते ती लपवत नाहीत. छर्रा सुटला की खुर्चीतून पुकारा होतो, "तेलाचा!" किंवा "बिस्किटाचा!" डब्यांमागं मुरमाची पोती रचलेली आहेत. नेम हुकला की छर्रा तिथं घुसतो आणि अण्णा शांतपणे सांगतात, "पोतं."

मी उदगिरात जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं. माझी आणि या भावांची भिंत एकच, त्यामुळे दुपारची झोप हा प्रकार मी सोडून दिलाय.

साहेब भूमी अभिलेखमधून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले. शिरूर अनंतपाळपासून लोह्यापर्यंत आपण तुडवला नाही असा बांध नाही, असं ते सांगतात. कुठलाही वाद ते "हद्द कायम!" म्हणून मिटवतात. अंगात साखरेचा आजार आणि चहात दोन चमचे साखर, यावर मी तोंड उघडलं की लगेच "हद्द कायम!" पुढं बोलायची सोय नाही.

लग्न दोघांचंही नाही. अण्णांना कुणी मुलगी दिली नाही, आणि अण्णांना कोण बघेल म्हणून साहेबांनी केलं नाही. दोन माणसांत मिळून दोन डोळे, असा तो संसार. रोज सकाळी साहेब मोठ्यानं पेपर वाचतात आणि अण्णा ऐकतात. अण्णांचा खरा जीव निधनवार्तांत. कोण गेलं हे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी साहेब बंदूक घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"मास्तर, मागची खाच बघावी तर पुढची काडी पुसट. काडी बघावी तर डबा गायब. या वयात तिघांना कोन सांभाळत बसावं? एक ठिपका बास."

त्यांना रेड डॉट हवा होता. बंदुकीवर बसवायची छोटी नळी, तिच्या काचेत लाल ठिपका दिसतो. तो डब्यावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. मागवायचा अर्थात माझ्या मोबाईलवरून.

पहिला आठ दिवसांत मेला. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का आधी मागं बसतो आणि लगेच पुढं, हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

"मोठ्या रायफलीवर चालतो म्हनं! ती एका बाजूनं लाथ मारती. आपली दोन्हीकडून मारून राहिली," साहेब म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता.

दुसरा मेला नाही, पण प्रत्येक धक्क्याला बूड सोडून मागं सरकायचा. साहेबांनी त्याच्या पायाशी पेन्सिलीची रेघ मारली आणि रोज पट्टीनं मोजायला सुरुवात केली. "दीड मिलिमीटर अतिक्रमण!" ही आरोळी मी आठवडाभर ऐकली. शेवटी बैठकीला खाली खुंटी असलेला, खास स्प्रिंगच्या बंदुकीचा म्हणून तिसरा मागवला. तो जागचा हलला नाही.

मग गल्लीत व्याख्यानं सुरू झाली. "ठिपका मंद ठेवायचा, दिवाळी करायची न्हाई. आन दोन्ही डोळे उघडे!" नोकरीभर एक डोळा मिटून दुर्बिणीत बघितलेला हा माणूस दूधवाल्यालाही दोन डोळे उघडायला लावायचा.

चार-सहा महिने बरे गेले. मग एक दिवस तक्रार आली.

"मास्तर, ठिपक्याला शेपूट फुटलं."

तो परत पाठवून चौथा आणला. त्यालाही शेपूट. शिवाय तो मधूनच पुसला जायचा. परसातून "पोतं... पोतं... पोतं" ऐकू येऊ लागलं. तेलाचा डबा कित्येक दिवस गप्प होता. मला मात्र राग येत होता तो पार्सलं बांधायचा. या खेपेला कंपनीनं बिघाडाचा फोटो मागितला. मी वैतागून त्यांच्या परसातच बंदूक टेबलावर टेकवली, मोबाईल काचेला लावला आणि फोटो काढला.

साहेबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि टाळी वाजवली. "बघा! फोटोत बी शेपूट आलं! पाठवा कंपनीला, हद्द कायम!"

मी फोटो पाहिला. ठिपका गोल होता, कुंकवाच्या टिकलीएवढा स्वच्छ गोल.

मी मोबाईल टेबलावर ठेवला, तसे अण्णा खुर्चीतून म्हणाले, "मास्तर, तुमाला कसा दिसून राहिला?"

"गोल," मी म्हणालो. साहेबांनी मोबाईल पुन्हा मागितला, बराच वेळ बघितलं, आणि बंदूक घेऊन आत गेले. तो फोटो मी काढला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मीच त्यांना लातूरला डॉक्टरकडे नेलं. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. इंजेक्शनांनी राहिलेलं टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत साहेब खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"अण्णाला सांगू नका. चष्म्याचा नंबर बदलला म्हना. माजं जाऊ द्या वो, पर त्याला पेपर कोन वाचंल?"

मी मान डोलावली. मग ती त्यांना दिसली नसेल असं वाटून "हो" म्हणालो.

इंजेक्शनं सुरू झाली, बंदूक खुंटीला लागली. पेपरवाचन मात्र रोज भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, उलट जास्तच जोरात.

स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी पेपर निघत नाही. त्या सकाळीही वाचन सुरू झालं, तेव्हा मी चमकलो आणि तसाच त्यांच्याकडे गेलो. साहेबांच्या हातात कुठलातरी जुना पेपर होता, तोही उलटा. देवणीला झकास पाऊस झाला होता. तुरीला भाव आला होता. मला बघून नव्हे, चाहूल लागून ते थांबले आणि चहा टाकायला आत गेले.

अण्णा माझ्याकडे वाकले. "मास्तर, काल झेंडा झाला. आज पेपर नसतो, एवढं मला बी कळतं." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "महिना झाला, उदगिरात कुनी मरून न्हाई राहिलं. त्याच्यानं कुनाला मारवत न्हाई. तुमी काई बोलू नका. लई झाक वाचतो."

तेवढ्यात साहेब भिंत चाचपत चहा घेऊन आले, बसले आणि पेपर पुन्हा उघडला.

"हां, तर पुढची बातमी. लातूर. डोळ्याच्या पडद्यावर नवं औषध निघालं. गेलेली नजर म्हनं सहा महिन्यांत परत."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"नागू, ती बातमी कापून ठेव," ते म्हणाले.

साहेब उठले, फळीवरून कात्री शोधून आणली, आणि बोटांनी कडा चाचपत एक चौकोन अगदी सरळ कापून अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात होती. मी चहा पीत बसलो.