परबकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या चारकोपच्या सोसायटीत लिफ्टसाठीही देवाला गाऱ्हाणं घालणारा एकच माणूस आहे, समोरच्या दारातले परबकाका. बटण दाबायच्या आधी हात जोडणार आणि गावच्या देवळात उभे असल्यासारखे खणखणीत सुरू होणार, "बा देवा म्हाराजा, ह्या लिफ्टीक चवथ्या माळ्यार सुखरूप पोचव रे म्हाराजा!" मग थांबणार. सोबतच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, असा कोकणातला रिवाज. तिसऱ्या माळ्यावरच्या शाहबेनसुद्धा आता सफाईने होकार देतात. न देऊन करतात काय, त्याशिवाय काका बटणच दाबत नाहीत.

घरात हे काम काकींचं. टीव्ही लागेना, कुकरची शिट्टी होईना, की काकांचं गाऱ्हाणं सुरू. काकी भाजी चिरता चिरता, मान वर न करता, "व्हय म्हाराजा" म्हणत. गेल्या वर्षी त्या गेल्या. काही महिन्यांनी काका मला म्हणाले, संध्याकाळी दिव्यापुढे गाऱ्हाणं घातलं की ती अजून होकार देते. स्वयंपाकघरातून, त्याच कंटाळलेल्या सुरात. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

पण तो आवाज आला की ते भान हरपून बसत. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, घरभर गॅस पसरला, तरी यांना पत्ता नाही. वास आला म्हणून मीच धावलो. मग त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा फिटचाच एक प्रकार आहे, आवाज मेंदूत तयार होतो, गोळ्यांनी बंद होईल.

"डोक्यातच येतलो मां," काका म्हणाले. "तुमचो आवाजय माका डोक्यातच ऐकाक येता. म्हणान तुम्ही नाय काय?"

डॉक्टर हसले, पण गोळ्या लिहून दिल्याच.

त्या तशाच पडून राहणार, याची मला खात्री होती. काकांनी दुसऱ्याच दिवशी सुरू केल्या. मी कारण विचारलं.

"बिल्डिंगीत पोरां आसत रे झिला," ते म्हणाले. "माका तिचो आवाज व्हयो, म्हणान त्यांचो जीव टांगणीर कित्याक?"

काल संध्याकाळी घावणे द्यायला गेलो, तर दार उघडंच होतं. काका दिव्यापुढे उभे होते. गाऱ्हाणं संपलं आणि ते थांबले, कान स्वयंपाकघराकडे लावून. तिथून काही आलं नाही. ते तसेच उभे राहिले. मला ते बघवेना. मी दारातूनच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

त्यांनी वळून पाहिलं नाही. डोळे पुसले, वात जरा पुढे सारली.

"सूर काय तिचो नाय," म्हणाले. "पण उद्याय ये."