‘येतो’ म्हणून गेलेली माणसं

ओतूरला आल्याच्या पहिल्याच दिवशी खुशबू उपाशी झोपली. घरात कणीक होती, स्टोव्ह होता, स्वयंपाकही झाला होता. चांगला दुप्पट झाला होता. तरीही ती उपाशी झोपली, आणि तिच्या मते याला समोरच्या चिमाबाई, शेजारची शीला आणि दूधवाला गेणभाऊ हे तिघे जबाबदार होते.

खुशबू, तिचा नवरा महिपाल आणि लहानगी मिनू राजस्थानातल्या सोजतहून बिऱ्हाड घेऊन आली होती. महिपालचे मामा पोपटलाल यांचं ओतूरच्या पेठेत कापडाचं दुकान होतं. मुलं पुण्याला नोकरीला लागली, दुकानात भरवशाचं माणूस हवं, म्हणून मामांनी भाच्याला बोलावून घेतलं. खुशबूने होकार दिला, पण अटीवर. आखातीजेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बघायचं. रमलं तर राहायचं, नाहीतर परत. तोवर पेट्यांच्या दोऱ्या सोडायच्या नाहीत. एवढं मोठं राज्य सोडून एवढ्याशा गावात जायचं, तर परतीची वाट उघडी असावी, असं तिचं म्हणणं होतं.

सामान उतरत असतानाच घरमालकीण चिमाबाई समोरच्या घरातून आल्या. चहा प्यायल्या, मिनूच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि उठताना म्हणाल्या, "बरं, येते गं पोरी." मागून शीला आली. तीही जाताना म्हणाली, "येते हं वहिनी." गेणभाऊने दूध मापून घातलं आणि सायकलवर टांग टाकत म्हणाला, "येतो वहिनी."

खुशबूला मराठी येत नव्हती. तिने महिपालला विचारलं. महिपाल काटेकोर माणूस. हिंदीतून मराठी शिकवणारं एक पुस्तक त्याने सोजतलाच विकत घेतलं होतं आणि रेल्वेत अर्धं संपवलं होतं. त्याने पान काढलं.

"आना म्हणजे येणे. मैं आती हूँ, मी येते. यात शंकाच नाही."

"म्हणजे तिघं येणार. कधी?"

"ते लिहिलेलं नाही."

पहिल्याच दिवशी तीन पाहुणे! खुशबूने बेसनाच्या गट्ट्यांची भाजी केली, रोट्यांची चळत रचली, मिनूला तेवढं भरवून टाकलं आणि दोघं उंबऱ्यावर बसली. पाहुण्यांच्या आधी जेवायचं नाही, आणि जैन घर असल्यामुळे सूर्य मावळल्यावरही जेवायचं नाही. या दोन नियमांच्या मध्ये जेवढा वेळ उरतो, तेवढाच त्यांच्या हातात होता.

"चिमाबाई तर समोर ओट्यावरच बसल्यात," खुशबू म्हणाली. "माझ्याकडे बघून हसतायत. मग येत का नाहीत?"

"आवरत असतील."

"शेंगा सोलतायत त्या!"

सूर्य डोंगराआड गेला. खुशबूने रोट्या झाकल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "या गावातली माणसं खोटं बोलतात."

एका दिवसावरून असा निष्कर्ष काढणं महिपालला पटलं नाही. त्याने दुकानात निरीक्षण सुरू केलं. गिऱ्हाईक यायचं, कापड चाचपायचं, "बघतो, येतो," म्हणायचं आणि कधीच यायचं नाही. असं पुन्हापुन्हा झाल्यावर त्याचीही खात्री पटली. येतो म्हणणारा माणूस येत नाही. फक्त गेणभाऊ याला अपवाद होता. तो यायचा, पण दूध घालायला, आणि ते तर त्याला न बोलताही यावंच लागलं असतं.

"लोक काहीही बोलोत," महिपालने ठरवलं, "आपण खरं बोलायचं." आणि तो प्रत्येकाच्या घरून निघताना स्पष्ट उच्चारात म्हणू लागला, "मी जातो."

परिणाम विलक्षण होता. 'जातो' म्हटलं की माणसांचे चेहरे उतरायचे. म्हातारी माणसं तर हात वर करून "आरं, असं म्हनू न्हाई!" म्हणायची. महिपालला भरून यायचं. किती प्रेमळ लोक, निघालेलंसुद्धा यांना सहन होत नाही!

खुशबूही हळूहळू विरघळत होती. मिनू चिमाबाईंना आजी म्हणायला लागली होती. आणि नव्या बिऱ्हाडाला कांदा-लसूण चालत नाही हे कळल्यापासून चिमाबाई आपला कांदा परसात नेऊन चिरत होत्या. ज्या गावात कांद्याच्या गोण्यांवर बसून माणसं गप्पा मारतात, तिथे ही मोठीच गोष्ट होती. आखातीज आठवड्यावर आली असताना एका सकाळी खुशबू आपणहून म्हणाली, "जुन्नरला चांगली लोखंडी कपाटं मिळतात म्हणे."

महिपालने तिच्याकडे पाहिलं. कपाट म्हणजे पेट्या उघडणार. पेट्या उघडणार म्हणजे राहणार. त्याने मामांना काही न सांगता, कपाट एकदम दाखवायचं म्हणून, नुसती सुट्टी मागितली आणि घराला कुलूप घालून किल्ली द्यायला चिमाबाईंकडे गेला. त्या ओट्यावर गहू पाखडत होत्या.

"चिमाबाई, आम्ही जातो."

सूप हातातच थांबलं. "जातो? समदी?"

"हो. पत्नी जाते. मुलगीही जाते."

"आन् सामान?"

"सामानासाठी टेम्पो पाहिजे. कुठे मिळेल?"

चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "काय चुकलं का रं आमचं?"

'चुकणे' हे क्रियापद पुस्तकात पुढच्या धड्यात होतं. महिपाल अजून तिथवर पोचला नव्हता. प्रश्न समजला नाही तर नम्रपणे होकार द्यावा, या हिशेबाने तो म्हणाला, "हो."

"स्टँडवर रखमाजीचा टेम्पो आसतो," चिमाबाई कशाबशा म्हणाल्या.

"धन्यवाद. ही किल्ली आपल्याजवळ ठेवा."

ओतूरमध्ये धन्यवाद हा शब्द भाषणाच्या शेवटी म्हणतात. त्यानंतर खुर्च्या गोळा करतात. चिमाबाई काय समजायचं ते समजल्या.

"शीले, ए शीले!" त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "बिऱ्हाड चाललं गं!"

"आगं बया! कांद्याच्या वासापायी आसंल."

"परसात चिरत व्हते की मी!"

"वारं इकडंच येतं न्हवं."

दोघींनी कुलूप उघडून पाहिलं. पेट्या भिंतीशी जशाच्या तशा, करकचून बांधलेल्या. "बघ, दोऱ्या बी सोडल्या न्हाईत," शीला म्हणाली. "पयल्यापास्नं जायाच्याच बेतात व्हती."

गेणभाऊने ही बातमी दुधाबरोबर पेठेत पोचवली. "शेठ, भाचा चालला म्हनं तुमचा."

"काय बोलतो राव!" पोपटलालांच्या हातातून मीटरपट्टी गळली. "मला तर नुसती सुट्टी मागितली त्यानं."

आत त्यांच्या पत्नी कस्तुरबाई बसल्या होत्या. त्या तीस-पस्तीस वर्षं ओतूरलाच होत्या आणि ओतूरसारख्याच बोलायच्या. "मी म्हनले व्हते, सून रमायची न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी पोराला दिवसभर दुकानात डांबला. कधी तिला हिंडवू-फिरवू दिलं का?"

इकडे चिमाबाईंच्या दारात चांगदेव उभा राहिला. तो कॉलेजच्या ग्रंथालयात नवीन लागला होता आणि खोलीसाठी रोज विचारून जायचा. चिमाबाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं, पण रिकामी खोली ठेवणं म्हणजे दूध उघडं ठेवणं, हे त्यांचं आयुष्यभराचं मत होतं. "आज गेलं बिऱ्हाड की उद्या या," असा शब्द त्यांनी दिला. पण चांगदेवने तोवर गादी डोक्यावर घेतली होती.

महिपाल आणि मंडळी त्या वेळी जुन्नरच्या बाजारात होती. खुशबूने एकामागून एक सगळी कपाटं उघडून, बंद करून आणि वाजवून पाहिली आणि दारावर आरसा असलेलं हिरवं कपाट निवडलं. परतताना ती पुढे ड्रायव्हर रखमाजीशेजारी मिनूला मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी टेम्पोच्या आरशात मागचं कपाट आणि कलता सूर्य पाहत होती. दोन्ही ठीक होते.

टेम्पो गल्लीत वळला आणि थांबला. पुढे जायला जागाच नव्हती. अख्खी गल्ली रस्त्यावर होती. ओट्यावर त्यांच्या पेट्या ओळीने मांडल्या होत्या. चिमाबाईंच्या हातात खण-नारळाचं ताट, शीलाच्या हातात डबा. गेणभाऊ एका गोणीला टेकून उभा होता. आणि त्यांच्या घरात, त्यांच्याच खुंटीला, एक अनोळखी तरुण शर्ट अडकवत होता.

"पोरी, जातीस तर जा," चिमाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पर ओटी भरल्याबिगर जायाचं न्हाई."

"वाटंत खायला मटकी केलीय वहिनी," शीला म्हणाली. "कांदा-लसूण काय घातलं न्हाई."

"आन् ही आमची भेट," गेणभाऊने गोणी थोपटली. "घरचा कांदा हाये. सोजतला असा मिळायचा न्हाई."

खुशबू नवऱ्याकडे पाहत होती. नवरा पेट्यांकडे पाहत होता. एवढ्यात रखमाजीने मागचा फाळका पाडला. "कपाट कुठं ठेवायचं पावणं?"

सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या. आरशात अख्खी गल्ली दिसत होती, आणि तीही गोंधळलेली.

"जाताना कपाट?" पोपटलाल गर्दीतून पुढे आले. "का रं, तिकडं कपाटं संपली व्हय?"

"पण जातंय कोण?" महिपाल म्हणाला.

"तू!" गल्ली एका सुरात म्हणाली.

"मी तर आलो!"

"सकाळी माझ्या तोंडावर म्हनलास की, जातो!" चिमाबाई कडाडल्या.

"जुन्नरला जातो!"

"मग येतो म्हनायचं!"

"पण मी येत नव्हतो! जात होतो!"

कस्तुरबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं गाढवा, आपल्याकडं मारवाडात दिवा विझवला म्हनतात का? मोठा केला म्हनतात. दुकान बंद केलं म्हनत न्हाईत, मंगल केलं म्हनतात. तसंच हाये हे. जातो म्हटलं तर माणूस कायमचा जातो. म्हनून इथं जाताना येतो म्हनायचं."

महिपालच्या चेहऱ्यावर, गेले काही आठवडे त्याने किती म्हाताऱ्यांसमोर कायमचं जाण्याची घोषणा केली, त्याची उजळणी दिसू लागली. खुशबू मात्र कस्तुरबाईंच्या कानाशी लागून मारवाडीत भराभर बोलत होती. कस्तुरबाईंचा पदर तोंडावर गेला. त्या हसू दाबत म्हणाल्या, "ती म्हनतीया, पयल्या दिवशी तुमी तिघं येतो म्हनून गेलात. तिनं तिघांचा सैपाक केला. वाट बघत दिवस मावळला आन् दोघं उपाशी झोपली!"

चिमाबाई मटकन ओट्यावर बसल्या. "आन् मी समोर बसून शेंगा सोलत व्हते! म्हटलं, दारात बसून हवा खात्यात."

"मी तर रोज दोन टायमाला म्हनतो," गेणभाऊ पुटपुटला.

"म्हनूनच रोज तुझ्या नावच्या दोन रोट्या उरतात," कस्तुरबाई म्हणाल्या.

सगळी गल्ली हसत सुटली. फक्त एक जण हसत नव्हता. चांगदेव दारात एक हात शर्टच्या बाहीत घालून उभा होता. चिमाबाईंनी त्याला शब्द दिला होता, आणि चिमाबाई शब्द मोडत नसत. त्या एकदा त्याच्याकडे, एकदा मिनूकडे बघू लागल्या. खुशबूचं हसू मावळलं. कपाट टेम्पोत होतं आणि घर दुसऱ्याचं झालं होतं.

पोपटलालांनी घसा खाकरला. "मास्तर, माझ्या दुकानावरची खोली रिकामी हाये. बिऱ्हाडाला लहान, पर एकट्या माणसाला लई झाली. कॉलेजबी जवळ पडंल."

चांगदेवने क्षणभर विचार केला, शर्टची दुसरी बाही चढवली आणि गादी पुन्हा डोक्यावर घेतली.

"बरं, या मग मास्तर," चिमाबाई सुटकेने म्हणाल्या.

"येतो," चांगदेव म्हणाला.

खुशबू बघत राहिली. एक म्हणाली 'या', दुसरा म्हणाला 'येतो', आणि माणूस गेला. तिला मराठी पहिल्यांदाच नीट समजली.

"दिवस चालला वहिनी, आधी जेवा!" शीला ओरडली. निरोपाचा डबा ओट्यावरच उघडला. खुशबूने हाताला धरून चिमाबाई, शीला आणि गेणभाऊ यांना आधी बसवलं. पाहुण्यांना यायला उशीर झाला होता, पण ते आले होते. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा मटकीचा शेवटचा घास संपला. मग महिपालने पेट्यांच्या दोऱ्या सोडल्या. कांद्याची गोणी गेणभाऊ सायकलवर परत घेऊन गेला.

आखातीज आली आणि गेली. परत जाण्याचा विषय कोणी काढला नाही. पुढे एकदा खुशबू मिनूला घेऊन जुन्नरहून एकटी एसटीने आली. गाडी वाटेत रखडली, सूर्य कलला होता, जेवण व्हायचं होतं. ओतूर येताच ती घाईघाईने उतरली आणि आता अंगवळणी पडल्याप्रमाणे कंडक्टरला म्हणाली, "येते हं भाऊ."

घरापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, पिशवी सीटवरच राहिली. मिनूला चिमाबाईंच्या ओट्यावर सोडून ती धावत स्टँडवर आली. गाडी तिथेच उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आतली माणसं वैतागली होती, आणि कंडक्टर दारात पिशवी धरून उभा होता.

"तुम्ही थांबलात?" खुशबूने धापा टाकत विचारलं.

"म्हंजे काय? पिशवी ठेवून 'येते' म्हणालात, म्हटलं येतील. बराच येळ झाला की वहिनी!"

खुशबूने पिशवी घेतली आणि सवयीने तोंड उघडलं. "बरं, ये—"

"नको नको!" कंडक्टरने हात जोडले. "आता येते म्हनू नका. सरळ जा!"

"आरं मुडद्या," खिडकीतून एक म्हातारी खेकसली, "तिन्हीसांजंला बाईमानसाला 'जा' म्हनतोस? कुनी शिकिवलं तुला?"

कंडक्टर ओशाळला. त्याने बेल मारली आणि खुशबूकडे पाहून अदबीने म्हणाला, "या."

आणि खुशबू घरी निघून गेली.