खवल्या राक्षस आणि चंदाबाईंचा फासा

मानवजातीने आजवर जे काही उभारलं, त्यात निःपक्षपाती न्यायव्यवस्था ही सर्वांत उंच इमारत होय. किहीममध्ये ही इमारत म्हणजे चंदाबाईंचा ओटा, आणि रविवारी सकाळी तिथे वाल सोलायचे असतात.

प्रकरण असं. चंदाबाईंचा मुलगा प्रज्योत पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देतो आणि उरलेल्या वेळात एक राज्य चालवतो. हे राज्य मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये आहे. त्याचे शाळेतले तीन सोबती, कॅनडातला अजित, दोह्यातला विनेश आणि बेंगळुरूची भक्ती, दर रविवारी त्यात योद्धे होऊन लढतात. चित्र नाही, आवाज नाही; सगळं लिहून. अजित लिहितो, ‘मी तलवार उपसतो.’ मग वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर वार बसतो, लहान पडला तर पाय घसरतो, आणि काय झालं ते प्रज्योत रंगवून लिहितो. मेलेला योद्धा परत येत नाही, हा नियम; प्रज्योतने रचलेल्या राक्षसाला मात्र तो लागू नाही. मला त्यांनी राजा केलं आहे. (राजाला या खेळात काहीच काम नसतं. म्हणून शेजारचा निवृत्त माणूस घेतात.)

सुरुवातीला जो तो आपापल्या घरी फासा टाकून आकडा कळवत असे. पहिल्या महिन्यात तिघांनाही प्रत्येक वेळी वीसच पडले. खवल्या राक्षस सात वेळा मेला. पैकी दोनदा प्रज्योतने त्याची ओळख करून देण्याआधीच. तेव्हा एकच फासा, एकच जागा आणि एकच त्रयस्थ व्यक्ती, असा ठराव झाला. त्रयस्थाची पात्रता अशी: खेळ कळत नसावा, कळून घ्यायची इच्छाही नसावी, आणि रविवारी सकाळी हमखास घरात असावी. मीही इच्छा व्यक्त केली होती. थोडंफार कळतं या कारणास्तव बाद झालो.

चंदाबाई वालाचं सूप बाजूला सारतात, पदराआड हात नेतात आणि आकडा सांगतात. (पारदर्शकतेचा आग्रह धरणाऱ्यांनी पदर पाहावा, बराच विरलेला आहे.) मात्र त्याआधी त्या जुजबी चौकशी करतात.

“ह्यो कोनाचा?”

“अजितचा, आये.”

“कमळच्या अजितचा? तिला फोन केलान काय त्यानी?”

“आये, खेळाचं विचार ना!”

“त्येच इचारतंय. न्हाय ना केलान? मग तीन.”

कमळकाकू म्हणजे अजितची आई. कुंपणापलीकडेच राहतात.

मी या विषयावर एक पाहणी केली आहे. ज्या आठवड्यात खेळाडूने आईला फोन केला, त्या आठवड्यात त्याचा आकडा पंधराच्या वर; ज्यात नाही, त्यात पाचाच्या खाली. विज्ञानाला इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो. विनेश आईशी रोज बोलतो. त्याच्या योद्ध्याने नुसत्या फुंकरीने किल्ल्याचा दरवाजा पाडला आहे. अजितचा योद्धा विजयकेतू मात्र गणपती झाल्यापासून खवल्याच्या तोंडात आहे. कमरेपर्यंत. तीन वर्षं जपलेला, दोन गावांची पाटीलकी मिळवलेला गडी. आता एक आकडा वाईट पडला की तो संपला, आणि अजित खेळाबाहेर.

गेल्या महिन्यात अजितने ग्रुपवर लिहिलं, ‘सलग इतके लहान आकडे गणितात बसत नाहीत. फासा वाकडा आहे. टाकतानाचा व्हिडिओ पाठव.’

‘किहीमला रेंज नाही,’ असं प्रज्योतने त्याच क्षणी, भरपूर रेंजमध्ये कळवलं.

शेवटी भक्तीला दया आली. ‘अज्या, गाढवा, आईला फोन कर.’

‘आत्ता? मी राक्षसाच्या तोंडात आहे.’

‘तिथूनच कर.’

कुंपणापलीकडे फोन वाजला. चंदाबाईंनी वाल पाखडणं थांबवलं. (न्यायासनाला पुरावा नीट ऐकू यावा लागतो.)

“जेवलास?... मग आवाज असा का बसलाय?... राक्षस? कोन राक्षस? तुझा सायेब?... बरं, बोल. हाय ना मी. मला काय घाई?”

वाल सोलून संपले, तरी पलीकडचं बोलणं संपलं नव्हतं. मग कमळकाकू डोळे पुसत कुंपणाशी आल्या. प्रज्योतने त्यांना आनंदाची बातमी दिली, “काकी, आता आईनं मोठा आकडा सांगितला की सुटला तुमचा अजित!”

काकू थबकल्या. “सुटल्यावर फुडल्या रईवारी करंल काय फोन?”

प्रज्योत मोबाईलमध्ये बघू लागला. मी राजा असल्यामुळे मला काहीच काम नव्हतं.

“चंदे,” काकू म्हणाल्या, “गिळाया न्हाय द्यायचा त्याला. पन सोडू पन नको गं. ऱ्हाऊ दे अर्धा अर्धा.”

चंदाबाईंनी पदराआड हात नेला. “बारा.”

तेव्हापासून दर रविवारी अजितचा आईला फोन येतो आणि दर रविवारी बारा पडतात. विजयकेतू बोटभर बाहेर येतो, राक्षस बोटभर आत ओढतो. अजित खूश आहे. कॅनडात तो सगळ्यांना सांगतो, की हे सगळं डावपेचांमुळे.

वाचकहो, हल्ली तुमचंही काही जमत नसेल, बढती अडली असेल, हातातोंडाशी आलेलं निसटत असेल, तर पत्रिका बाहेर काढण्याआधी गावाकडच्या ओट्यावर कोण बसलंय ते आठवा. तिथे तुमचं नाव निघालेलं असणार. किती पडले, ते तुम्हीच ताडा.

फोन करून झाला की एक लहानसं काम. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला कोणी येणार असेल, तर येताना एक फासा आणा. आमचा होळीच्या सुमारास कोंबडीने गिळला, आणि ती कोंबडी पुढच्या शनिवारी पाहुण्यांना वाढली. (तक्रार आलेली नाही.) साधा सहा बाजूंचा असला तरी चालेल, व्हिडिओत लांबूनच दाखवायचा आहे.